थोरलीची शिष्यवृत्ती आणि रविवारची उपासना : एका घराचा प्रकरण अभ्यास

आमच्या चर्चच्या मंडळीत दर जूनमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. मूल पाचवीत किंवा आठवीत, आता चौथीत किंवा सातवीत, गेलं की शिष्यवृत्ती परीक्षेचा क्लास लागतो, क्लासचा सराव पेपर रविवारी सकाळी असतो आणि उपासनाही रविवारी सकाळीच असते. बहुतेक घरांत हा प्रश्न न बोलताच सुटतो. मूल फेब्रुवारीपर्यंत चर्चमध्ये दिसेनासं होतं, पाळकसाहेब एकदा विचारतात, आई "परीक्षा आहे ना हो यंदा" म्हणते, आणि विषय मिटतो.

आमच्याकडे तो असा मिटला नाही. जून २०२४ मध्ये निघालेला विषय फेब्रुवारी २०२५ पर्यंत चालला. त्यात माझे वडील, बायको, आठवीतली थोरली, क्लासचे सर आणि माझी स्वतःची नोकरी एवढं सगळं गुंतलं. पालकांच्या सभेत मी हे थोडक्यात सांगितलं तेव्हा दोघातिघांनी "नेमकं काय केलंत, ते लिहून द्या की" म्हटलं. म्हणून हे सविस्तर.

घर आणि रविवार

आम्ही वानलेसवाडीत राहतो, सांगली-मिरज रस्त्यावर. वाडीचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. त्यानंतरच्या पिढ्यांत या भागातल्या ज्या ख्रिस्ती घरात एकही नर्स झाली नाही, असं घर शोधावं लागेल. माझी आई नर्स होती. बायकोही नर्स आहे, एका खाजगी हॉस्पिटलात. मी अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. वडील, म्हणजे आप्पा, निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि मंडळीचे जुने 'वडील', म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. थोरली आठवीत, धाकटा तेव्हा तिसरीत.

नर्सच्या घरात रविवार कधी अखंड मिळत नाही, हे आधी सांगायला हवं. महिन्याचा ड्युटी चार्ट फ्रिजवर लागतो, त्यात मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट आणि ऑफ. रविवारच्या रकान्यात 'ऑफ' दिसला की धाकटा त्यावर पेनानं गोल करतो. मी लहान असताना आईचा चार्टही असाच भिंतीवर असायचा. त्यामुळे 'ख्रिस्ती कुटुंबाचा रविवार' म्हणून उपदेशात जे चित्र रंगवतात, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत एका बाकावर ओळीनं बसलेले, ते आमच्याकडे महिन्यातून एखाद्या वेळी जमतं. बाकीच्या रविवारी कुणीतरी कमी असतं. नाइट संपवून ती सकाळी साडेआठला घरी येते, तोंडावर पाणी मारते आणि तशीच निघते. प्रवचन सुरू झालं की तिचे डोळे मिटतात. थोरली कोपरानं ढोसते. पाळकसाहेबांच्या हे लक्षात येतं, पण ते बोलत नाहीत. त्यांची बायकोही नर्सच होती.

बाकी रविवार इतरांसारखाच. साडेआठला शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलवर्ग, साडेनऊला उपासना, बाहेर पडल्यावर अर्धा तास "सलाम, कसं काय" करण्यात जातो. मग मटणाच्या दुकानापुढची रांग. आमच्या भागात रविवार आणि मटण यांची गाठ सगळ्याच धर्मांत बसलेली आहे. श्रावणात तेवढी रांग ओसरते आणि आम्हाला हवा तो भाग मिळतो. दुपारी तांबडा रस्सा, मग झोप. आप्पा झोपत नाहीत, ते दुपारी आजाऱ्यांना भेटायला जातात.

पेच कुठे पडला

क्लास सांगलीच्या विश्रामबागेत. प्रवेश घेताना वेळ सांगितली ती संध्याकाळची, रोज दीड तास. पहिल्या आठवड्यात छापील वेळापत्रक हातात आलं तेव्हा खालच्या ओळीत होतं : दर रविवारी सकाळी ८ ते ११.३० सराव पेपर आणि स्पष्टीकरण. म्हणजे शब्बाथ शाळा गेली आणि उपासनाही गेली. क्लास एका दिशेला, चर्च मिरजेत दुसऱ्या दिशेला. मधल्या मध्ये काही साधण्यासारखं नव्हतं.

ही परीक्षा ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे, दीड-दीड तासाचे. पहिला प्रथम भाषा आणि गणित, दुसरा तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. गणित आणि बुद्धिमत्तेला प्रत्येकी १०० गुण, म्हणजे ३०० पैकी २०० तिथेच. प्रश्न नव्वद मिनिटांत पंचाहत्तर. त्यामुळे विषय येणं वेगळं आणि पेपर वेळेत उरकणं वेगळं, आणि हे दुसरं सरावाशिवाय येत नाही. रविवारचा पेपर हाच क्लासचा खरा गाभा होता. तो सोडून बाकीचे दिवस जाणं म्हणजे फी भरून अर्धं घेणं.

शिष्यवृत्तीची रक्कम फार नसते. पण यादीत नाव लागलं की शाळेच्या फलकावर लागतं, आणि मी ज्या व्यवसायात आहे तिथे 'सरांची मुलगी' या शब्दांना वजन असतं. हे माझ्या मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

कोण काय म्हणालं

आप्पांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "शासनाची परीक्षा रविवारी आली तर तो नाइलाज. क्लास आपण पैसे देऊन विकत घेतलाय, तिथं नाइलाज कसला?" त्यांनी नंतर आठ महिने यापेक्षा वेगळं काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात सर्वात उपयोगी पडलेलं वाक्य तेच.

बायकोचं म्हणणं उलट. "मी निम्मे रविवार वॉर्डात असते. मग माझी भक्ती निम्मी का?" तिच्या मते फेब्रुवारीपर्यंत पोरीला सोडावं, घरी संध्याकाळची प्रार्थना आहेच, मार्चपासून पुन्हा सुरू. प्रभूनं शब्बाथदिवशी, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, आजाऱ्यांना बरं केलं, खड्ड्यात पडलेलं मेंढरू बाहेर काढायला हरकत नाही म्हटलं, हे ती आप्पांना ऐकू जाईल असं बोलली. आप्पा स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाले, "आजारी माणूस खड्ड्यात असतो. थोरली कुठल्या खड्ड्यात आहे?"

थोरली दोघांमध्ये. तिला क्लास आवडत होता, मैत्रिणी तिथेच होत्या. पण शब्बाथ शाळेत नाताळच्या कार्यक्रमाचं निवेदन या वर्षी तिच्याकडे येणार होतं, आणि ते सोडायला ती तयार नव्हती. तिच्या मनात चर्च आणि क्लास असं दोन नावांचं भांडण नव्हतं. एका ठिकाणी गणित आणि मैत्रीण, दुसऱ्या ठिकाणी माइक आणि आजोबा, असं ते होतं. मोठ्यांनी याला श्रद्धेचा प्रश्न केला आणि तिनं तो दिवसाचा प्रश्न म्हणून पाहिला, एवढाच फरक. तेरा वर्षांच्या मुलीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये असं मला वाटतं.

एका संध्याकाळी जेवताना आप्पांनी एरिक लिडलची गोष्ट काढली. शब्बाथ शाळेत ही गोष्ट ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक, स्कॉटलंडचा धावपटू, शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी म्हणून त्यानं ती शर्यत सोडली आणि नंतर चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक घेतलं. थोरलीनं शांतपणे विचारलं, "आजोबा, त्याला त्याच्या पप्पांनी सांगितलं होतं का, रविवारी पळू नको म्हणून?"

आप्पा जेवायचे थांबले. म्हणाले, "नाही. त्याचं त्यानं ठरवलं होतं."

"मग माझं मी ठरवू?"

यावर कुणीच पटकन बोललं नाही. मी मात्र तिथे एक गोष्ट मनाशी पक्की केली. उपासनेला जायचं की नाही हे ठरवणं तिच्यावर टाकायचं असेल, तर आधी दोन्ही गोष्टी शक्य असायला हव्यात. चर्चला गेलं की पेपर बुडणार अशी स्थिती ठेवून "तूच ठरव" म्हणणं म्हणजे तिच्यावर ढकलणं. पेपर वाचवून चर्चला जाता येईल अशी काही वाट आहे का, हे शोधणं माझ्याकडे आलं.

शिक्षकखोलीतला रविवार

इथे थोडं विषयांतर करतो, कारण या दिवसांत शाळेत झालेल्या एका बोलण्यानं माझा सूर बदलला. मधल्या सुट्टीत मी ही अडचण सांगितली तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, रविवार तुमचा, म्हणूनच तर आम्हाला सुट्टी." ते गमतीनं म्हणाले, पण इतिहासाच्या मास्तराला हे असं सोडून देता येत नाही.

रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन यानं ३२१ मध्ये रविवारी काम बंद ठेवण्याचा हुकूम काढला, हे खरं. पण त्या हुकमातून शेतीची कामं वगळली होती, कारण पेरणी-कापणी वारासाठी थांबत नाही. ऊसतोड चालू असलेल्या दिवसांत कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. आणि इथल्या कामगाराला रविवार मिळाला तो कुणा पाद्र्याच्या कृपेनं नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी मागून घेतला, १० जून १८९० पासून तो लागू झाला. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, ते आपल्याच शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं. आणि रविवारच का, याचं जे कारण सांगितलं जातं ते ऐकून आप्पासुद्धा हसले होते : रविवार हा खंडोबाचा वार. पालीच्या खंडोबाला जाणारा आणि मिरजेच्या चर्चला जाणारा, दोघांची सुट्टी एकाच रविवारी पडते.

याचा माझ्यावर परिणाम असा झाला की क्लासच्या सरांकडे जाताना 'आमच्या धर्माला वेळ द्या' असं तोंड घेऊन जायचं मी टाळलं. रविवार अनेकांचा आहे. कुणाचा देव असतो, कुणाचं शेत, कुणाची आई त्या एकाच दिवशी घरी असते. सरांसमोर आमच्या घराची अडचण ठेवायची, हक्काची भाषा नको, असं ठरवून गेलो.

दुसरंही एक लक्षात आलं. स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्ती, सगळं रविवारी असतं याचं कारण अगदी साधं आहे : त्या दिवशी शाळांच्या इमारती रिकाम्या असतात आणि पर्यवेक्षक म्हणून शिक्षक मोकळे असतात. त्या मोकळ्या शिक्षकांतला एक मी. म्हणजे माझाही रविवार वर्षातून अनेकदा शासन घेतं, आणि तेव्हा माझी उपासना बुडते याबद्दल घरात कधी सभा भरली नव्हती. थोरलीच्या वेळी मात्र सगळे जमलो. मुलीची उपासना आपण राखतो तितकी स्वतःची राखत नाही, हे मी आप्पांजवळ बोललो. ते म्हणाले, "म्हणून तर मुलांची राखायची. मोठ्यांची गेली तर परत येते."

याबाबत मला अजून खात्री नाही.

वाट कशी निघाली

पर्याय जे बोलले गेले ते सांगतो. क्लास बदलणे : दुसऱ्या दोन क्लासचंही रविवारचंच वेळापत्रक. संध्याकाळच्या उपासनेला जाणे : आमच्याकडे ती दर रविवारी नसते. आणि शब्बाथ शाळा सकाळीच. घरीच पेपर सोडवणे : पहिल्याच वेळी धाकट्यानं मधे येऊन स्केचपेन मागितलं, खाली भाजीवाला ओरडला, पाणी आलं म्हणून मोटार लावायला तीच उठली. नव्वद मिनिटांचा पेपर घरी होत नाही.

सरांना शनिवारी भेटलो. ते म्हणाले की रविवारची वेळ हलणार नाही, हॉल भाड्यानं आहे, बाकी मुलं तालुक्यातून येतात. ते बरोबरच होतं. मग मी विचारलं, शनिवारी दुपारी तुमच्याकडे काय असतं? शनिवारी आमच्या शाळा सकाळच्या, साडेअकरापर्यंत सुटतात. दुपारी तिथे पाचवीचा गट असायचा. सर थोडं थांबून म्हणाले, "मागच्या बाकावर बसेल का? पेपर मी आदल्या दिवशी काढून ठेवतो. पण फुटता कामा नये." थोरलीनं शब्द दिला की रविवारी बाकीच्यांचा पेपर होईपर्यंत मैत्रिणींपाशी एक अक्षर बोलणार नाही. मला वाटतं सर बधले ते या शब्दामुळे, माझ्या बोलण्यामुळे नाही.

तर जुलैपासून शनिवारचा क्रम असा लागला. शाळेतून थेट क्लास, पिशवीत डबा. पाचवीची मुलं पुढे पाढे म्हणतायत आणि ही मागे भिंतीकडे तोंड करून उत्तरपत्रिकेतले गोल काळे करतेय. आठवीच्या पेपरात एक खोच होती. काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे, आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण. एका शनिवारी ती घरी येऊन हे आप्पांना समजावत होती.

"आणि एकच रंगवला तर?"

"तर शून्य, आजोबा."

"असला कसला पेपर," म्हणाले, आणि बघायला मागून घेतला. त्या दिवसापासून बुद्धिमत्तेचे प्रश्न ते दुपारी सोडवू लागले. अक्षरमालिकेत ते तिच्यापेक्षा पटकन येतात, आकृत्यांत अडकतात.

व्यवस्था फुकट नव्हती. रविवारी पेपरनंतर जे स्पष्टीकरण होतं ते तिला मिळत नव्हतं, आणि चुका कळतात त्या तिथेच. एक मैत्रीण सोमवारी वही देई. वहीत उत्तर असे, सरांनी फळ्यावर कसं काढलं ते नसे. भूमितीत याचा फटका बसला, तो शेवटपर्यंत भरून निघाला नाही. शनिवारचा खेळ गेला. शनिवार संपूर्ण गेला म्हणायला हवं, आणि रविवार वाचला तो त्या बदल्यात. विश्रांतीचा दिवस पाळायचा म्हणून आदल्या दिवशी मुलीला दुप्पट राबवायचं, यात थोडं हास्यास्पद आहे. बायकोनं ते बोलूनही दाखवलं. पण थोरलीला रविवार मोकळा मिळू लागल्यावर तिनं तो परत द्यायला नकार दिला, हेही खरं.

डिसेंबर

दिवाळीत बायकोनं लक्ष्मीपूजनाची नाइट घेतली. वॉर्डात हा जुना रिवाज आहे. ख्रिस्ती नर्सनी दिवाळीच्या ड्युट्या काढायच्या, म्हणजे चोवीस-पंचवीस डिसेंबरला बाकीच्या त्यांच्या काढतात. हा व्यवहार कुठे लिहिलेला नाही, पण चार्टपेक्षा पक्का आहे.

माझ्या शाळेत नाताळची सुट्टी एकच दिवस. वर्षातल्या एकूण सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ नयेत असा नियम आहे, आणि दिवाळी किंवा उन्हाळ्यातले दिवस कमी करून गणेशोत्सव किंवा नाताळात घेता येतात, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं. गणपतीसाठी ते होतं. नाताळासाठी दोन दिवस सरकवावेत असं मी कधी मांडलं नाही. शाळेतली ख्रिस्ती मुलं बोटावर मोजण्यासारखी, त्यांच्यासाठी साऱ्या शाळेची दिवाळी कापणं मला पटत नाही. किरकोळ रजा टाकतो आणि मोकळा होतो. आमच्यातले काहीजण यावर माझ्याशी वाद घालतात.

खरी अडचण आली २२ डिसेंबरला, आगमनकाळाच्या चौथ्या, म्हणजे नाताळाआधीच्या शेवटच्या रविवारी. क्लासनं त्या दिवशी पूर्ण सराव परीक्षा ठेवली : दोन्ही पेपर, खऱ्या परीक्षेच्या वेळेत, अनोळखी शाळेत, बाहेरचे पर्यवेक्षक. शनिवारी ती होणं शक्य नव्हतं, कारण सगळ्यांबरोबर बसणं हाच तिचा उपयोग. पहिला पेपर ११ ला. त्या दिवशी उपासना लांबणार होती, गायकवर्गाची नाताळची गाणी होती. संध्याकाळी शब्बाथ शाळेचा कार्यक्रम, तिचं निवेदन. आणि आदल्या रात्री मंडळीची पोरं घरोघर गाणी म्हणत फिरणार. उसाच्या ट्रॅक्टरांवर मोठ्यानं गाणी लागलेली असतात, त्यांच्यात आमची ढोलकी आणि हार्मोनियम कुणाला ऐकू जातं कोण जाणे, पण ही फेरी चुकवायला कुणी तयार नसतं.

मी तिला काही सुचवलं नाही. तिनं आप्पांना न विचारता मलाच सांगितलं, "पप्पा, फेरीला मी दहापर्यंतच येते. सकाळी उपासनेला येते, शास्त्रपाठ झाला की निघते. तुम्ही सोडाल?" शास्त्रपाठ म्हणजे प्रवचनाआधीचं बायबलवाचन. ती शेवटच्या बाकावर बसली. प्रवचन सुरू व्हायच्या आधी उठली. अर्ध्या उपासनेतून उठून जाणाऱ्यांबद्दल आप्पा वडील-सभेत काय बोलतात ते मंडळीत सगळ्यांना माहीत आहे. ते पुढच्या बाकावर होते, त्यांनी मान वळवली नाही. मी स्कूटरवर तिला सोडून परत आलो तेव्हा प्रवचन अर्ध्यावर होतं.

दुपारी घरी शांतता होती. संध्याकाळी कार्यक्रमाला निघताना आप्पांनी विचारलं, "गणित कसं गेलं?" ती म्हणाली, "चार प्रश्न राहिले." एवढंच. निवेदन तिनं चांगलं केलं, एका ठिकाणी मेंढपाळांच्या आधी मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञान्यांना बोलावलं, मेंढपाळच आपले काठ्या सरसावून आले, आणि सगळे हसले.

परीक्षेचा दिवस आणि नंतर

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. मला दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षकाची ऑर्डर. बायकोची मॉर्निंग, कुणाशी बदलून मिळाली नाही. धाकट्याला शेजारी ठेवलं. थोरलीला केंद्रावर नेऊन दिवसभर थांबायला घरात एकच माणूस उरला.

आप्पांनी पाळकसाहेबांना शनिवारीच फोन करून सांगितलं की उद्या मी नाही. सकाळी नेहमीपेक्षा लवकर प्रार्थना घेतली, नेहमीपेक्षा छोटी. इस्त्रीचा सदरा, चर्चला घालतात तोच. दोन पेपरांच्या मधल्या वेळात शाळेच्या आवारात सतरंज्या टाकून पालक बसले होते, कुणी पोळी-भाजी, कुणी दहीभात. आप्पांनी डबा उघडून दिला आणि भूमितीबद्दल एक शब्द विचारला नाही, असं तिनं नंतर आईला सांगितलं. शेजारच्या सतरंजीवर वाळव्याकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, दोघांचं ऊसदरावर बोलणं चाललं होतं म्हणे.

निकाल लागला. ती पात्र ठरली, शिष्यवृत्तीधारकांच्या यादीत नाव नव्हतं. रविवारची स्पष्टीकरणं मिळाली असती तर लागलं असतं का, हे बायकोनं एकदा विचारलं. कदाचित. भूमितीतले गुण पाहता मला ते नाकारता येत नाही. ज्यांना या लेखातून 'देवाला पहिलं स्थान दिलं आणि यादीत पहिलं नाव आलं' अशी साक्ष हवी होती, त्यांच्यासाठी माझ्याकडे ती नाही. थोरली दोन दिवस गप्प होती, मग नववीची पुस्तकं आली.

आता पालकांच्या सभेत मला जे विचारलं गेलं त्याबद्दल. "सर, मग तुमचं मत काय? पाठवायचं की नाही?" माझं मत असं बनलं आहे की शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलाला रविवारच्या क्लासला सरसकट बंदी घालू नये आणि सरसकट मोकळीकही देऊ नये. आधी आप्पांचा प्रश्न विचारावा : हे आपल्यावर आलंय की आपण विकत घेतलंय? विकत घेतलेल्या गोष्टीची वेळ बदलून मागता येते, आणि क्लासवाले आपण समजतो तितके कठोर नसतात, कारण त्यांनाही मूल हवं असतं. मागताना मुलाला बरोबर न्यावं. शब्द त्यानं द्यावा, आपण नाही. आणि एवढं करूनही एखादा बावीस डिसेंबर येतोच. तेव्हा मूल काय करतं ते पाहावं, तोंड उघडू नये. माझ्या मते त्या दिवशी आप्पांनी मान वळवली नाही, हे त्यांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा थोरलीच्या जास्त लक्षात राहील. आप्पांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, त्यांना ऐकूच आलं नाही ती कधी उठली ते.

नर्स, पोलीस, एस.टी.चे चालक-वाहक, रेल्वेतले लोक यांच्या घरांबद्दल एक वेगळं सांगायला हवं. तिथे मुलाला 'रविवार पवित्र' म्हणताना आईच्या ड्युटीकडे बोट दाखवलं जाणार, हे धरूनच बोलावं. आमच्या घरात बायकोनं जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटलं. ती नाइटवरून येऊन झोपेत का होईना बाकावर बसली. तिनं मुलीला कधी 'मी येते, मग तूही ये' म्हटलं नाही.

दरम्यान शासनानं ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला नेली आहे, २०१६ च्या आधी होती तशी. धाकटा यंदा चौथीत. त्याचा स्वभाव वेगळा. त्याला ना क्लासची ओढ ना माइकची, त्याला रविवारी झोपायचं असतं, आणि आईच्या 'ऑफ'वर गोल करायचा असतो. क्लासच्या सरांना मी मे महिन्यातच विचारून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलं की शनिवार दुपारचा सराव पेपर आता रीतसर गट म्हणून सुरू केलाय, मागचा बाक नाही. त्यात आमच्या मंडळीची मुलं दोनच. बाकीच्यांत एकाचे वडील रविवारी आठवडी बाजाराला कापडाचा ठेला लावतात आणि त्याला पाल उभारायला जावं लागतं, दोघी बहिणी रविवारी आजोळी कवठेमहांकाळला जातात, एकजण क्रिकेटच्या निवड चाचण्यांना जातो. फी तेवढीच आहे, आणि स्पष्टीकरण आता त्याच दिवशी होतं.